परत आलेली गाडी

भाचीचं मोटार मेकॅनिकचं शिक्षण संपलं आणि तिला एकदम दोन ठिकाणची बोलावणी आली. एक मोठं, एका कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. दुसरं सहा-सात माणसांचं गॅरेज. तिने फोन करून थेट विचारलं, "मामा, कुठे जाऊ?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तो उद्या यायला चार दिवस लागले. तीस वर्षं हात काळे करूनही मला पटकन उत्तर सुचेना, कारण माझी स्वतःची पहिली जागा मी भलत्याच गोष्टी बघून निवडली होती, आणि ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

मी बघितली होती फरशी. स्वच्छ, राखाडी, पिवळ्या पट्ट्या मारलेली. एका रांगेत आठ लिफ्ट, प्रत्येकावर ट्यूबलाइट, खिशावर नाव शिवलेला गणवेश. पगारही बरा होता. तिथे मी रोज नेमकं काय करणार, कुणाच्या शेजारी उभा राहणार, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिले सहा महिने तेल, फिल्टर आणि चाकं. या कामाला मी हलकं म्हणणार नाही. तेल बदलण्यात शिकण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्या माणसाने गाडी नीट खालून बघितलेली नसते. गाडी लिफ्टवर गेली की ती आपला सगळा इतिहास दाखवते. एक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस आतल्या बाजूला उडालंय, टायर एकाच कडेने झिजलाय, शॉक ॲब्सॉर्बर तेलाने ओला झालाय, सायलेन्सरची पट्टी तुटून कुणीतरी तारेने बांधली आहे. रोज दहा गाड्या खालून बघायला मिळणं हे नव्या पोराचं भाग्य आहे. पण त्यासाठी मान वर करून दोन मिनिटं उभं राहायची मुभा हवी. आमच्याकडे ती नव्हती. गाडी वर, तेल खाली, फिल्टर, नट, गाडी खाली, पुढची.

अशाच एका दुपारी मी चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, आटे घालवले.

चेंबर ॲल्युमिनियमचं होतं, तेल सोडायच्या भोकाचा नट पोलादी. असा नट आधी बोटांनी लावायचा असतो. आट्यात सरळ बसला की तो पाना न लावता चार-पाच फेरे सहज फिरतो. तिरका बसला तर अर्ध्या फेऱ्यातच अडतो आणि बोटांना लगेच कळतं. मी घाईत थेट हवेची गन लावली. गनला काही कळत नाही. ती तिरक्या नटालाही तितक्याच आनंदाने आत ढकलते. आवाज वेगळा आला म्हणून मी नट उलटा फिरवून काढला, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती, स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे चेंबरचे आटे होते. मी ती तळहातावर धरून उभा राहिलो.

शेजारच्या लिफ्टवरच्या सीनियरने बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. हळूच म्हणाला, "टेप गुंडाळ, सीलंट लाव, बसव. बोलू नको कुठे." मी तसंच केलं. खरा इलाज वेगळा होता. भोक जरा मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेची कॉइल बसवायची. मग मूळच्या मापाचा नट परत बसतो, आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा हे आटे जास्त टिकतात. तासाभराचं काम. पण जॉब कार्डावर तेल बदलण्याइतकाच वेळ लिहिलेला होता.

पाचव्या दिवशी गाडी परत आली. मालकाला सकाळी गाडीखाली डाग दिसला म्हणून बरं. डाग दिसला नसता, तेल ठिबकत राहिलं असतं आणि बेअरिंग कोरडी पडली असती, तर इंजिनच बसलं असतं. गाडी मागच्या दाराने आत घेतली गेली. कार्डावर "नट ढिला होता, घट्ट केला" असं काहीतरी लिहिलं गेलं. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हात कुणाचा होता. पगारातून काही कापलं गेलं. चेंबर कुणी, कसं दुरुस्त केलं हे मला दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं, अशी माझी एवढीच तक्रार आहे आणि ती अजून तशीच आहे. कॉइल बसवायला मी पुढे तीन वर्षांनी शिकलो. तिथे शिकलेली पहिली पक्की गोष्ट म्हणजे चूक झाली की आधी आजूबाजूला बघायचं. त्या एका सवयीतून सुटायला मला फार वेळ लागला.

त्या सीनियरवर मी बरीच वर्षं चिडून होतो. आता नाही. तो कामावर पैसे घेणारा माणूस होता, तासावर नव्हे. बऱ्याच देशांत मोठ्या वर्कशॉपमध्ये ही पद्धत आहे, तिला फ्लॅट रेट म्हणतात. प्रत्येक कामाला पुस्तकात वेळ ठरलेला असतो. समजा दीड तास. एका तासात उरकलं तरी दीड तासाचे पैसे, तीन तास लागले तरी दीड तासाचेच. हात बसलेल्या माणसाला यात चांगली कमाई होते. नव्याला मात्र हे मारक आहे, कारण त्याचा प्रत्येक गोंधळ त्याच्याच खिशातून जातो. आणि याहून वाईट गोष्ट लोक बोलत नाहीत: शेजारच्या माणसाला शिकवण्यात गेलेली दहा मिनिटंही शिकवणाऱ्याच्याच खिशातून जातात. माणूस कितीही चांगला असो, रोज दहा वेळा तो स्वतःचं नुकसान करून तुम्हाला शिकवणार नाही. म्हणून भाचीला मी सांगितलेली पहिली गोष्ट ही होती, की तुझा पगार कसा मोजतात हे तर विचारच, पण तुझ्या शेजारच्या जुन्या माणसाचा कसा मोजतात तेही विचार. तुला शिकवल्याबद्दल त्याला काही मिळतं की त्याचं जातं?

दुसरी जागा मला अपघातानेच सापडली. लहान गॅरेज, दोन लिफ्ट आणि एक खड्डा. मी काम मागायला गेलो तेव्हा उस्तादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण त्याच वेळी एक गाडी परत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिची बॅटरी बदललेली, आणि पुन्हा सकाळी सुरू होत नव्हती. ज्या मेकॅनिकने बॅटरी बदलली होती तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता याची खैर नाही. उस्ताद म्हणाले, "चल, दोघं बघू."

त्यांनी मीटर त्याच्याच हातात दिला. बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवायला लावली, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. आता मी सेल्फ मारतो, ते म्हणाले, पण त्याआधी सांग, मीटर किती दाखवेल? तो गप्प. मग म्हणाला, शून्य यायला हवं, दोन्ही एकच अर्थिंग आहे ना. "जवळजवळ शून्य. ०.२ च्या आत असलं तरी चालेल. बघ आता." सेल्फ मारला. मीटरवर १.९ आले.

जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. ब्लॉकला येणारी अर्थिंगची केबल त्यांनी सोडवली. तिच्या टोकाखाली रंग आणि हिरवट बुरशीसारखा थर. केबल दिसायला शाबूत, बोल्ट घट्ट, पण धातूला धातू टेकतच नव्हता. थंड इंजिनात तेल जाड असतं, सेल्फला जास्त करंट लागतो, आणि अशा सांध्यात करंट जितका जास्त तितकी व्होल्टची गळतीही जास्त. म्हणून गाडी सकाळीच अडायची आणि दुपारी मुकाट्याने सुरू व्हायची. नव्या बॅटरीच्या जोरावर तीन आठवडे निघाले इतकंच. एमरी पेपरने जागा घासली, बोल्ट आवळला, पुन्हा सेल्फ. ०.१.

मग उस्ताद मालकाकडे गेले आणि माझ्यासमोर म्हणाले, "बॅटरी आम्ही उगाच बदलली. तुमची जुनी अजून ठेवलेली आहे, ती चांगली निघाली तर हिचे पैसे परत." तो मेकॅनिक शेजारीच उभा होता. त्याचं नाव घेतलं गेलं नाही, "आम्ही" म्हटलं गेलं. मी त्याच क्षणी ठरवलं होतं की पगार किती का असेना, मी इथेच राहणार. पगार पहिल्या जागेपेक्षा कमीच होता. त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो ते आधीच्या अकरा महिन्यांत शिकलो नव्हतो, आणि तेव्हा मी अजून तिथला नोकरही नव्हतो.

तेव्हापासून कुठलंही वर्कशॉप मी एकाच गोष्टीने ओळखतो. परत आलेली गाडी तिथे कोणत्या दाराने आत येते? परत गाड्या सगळीकडे येतात. आमच्याकडे येत नाहीत असं सांगणारा मालक एकतर खोटं बोलतो, किंवा त्याची गिऱ्हाइकं परत न येता दुसरीकडे जातात.

यावरून मोठी जागा वाईट आणि लहान चांगली असं कुणी समजू नये. मी भाचीला हे मुद्दाम दोनदा सांगितलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जे मिळतं ते लहान गॅरेजला सहजी मिळत नाही: त्या गाडीचे वायरिंगचे नकाशे, पुलर आणि जिगसारखी खास तिच्यासाठी बनवलेली हत्यारं, कंपनीचं प्रशिक्षण, एखाद्या मॉडेलमधल्या ठरावीक दोषाबद्दल आलेली सूचना. विशेषतः हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या शिकायच्या तर शिस्तीची जागा हवी. त्यांच्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि गाड्यांमध्ये ६० व्होल्ट डीसीच्या वरचा दाबच धोक्याचा धरतात. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत काही मिनिटं हात लांब ठेवायचा असतो आणि मग मीटर लावून खात्री करायची असते. "काही होत नाही रे" म्हणणाऱ्या माणसाच्या हाताखाली हे शिकू नये. दुसऱ्या बाजूला, अशा जागी गाड्या बहुतेक नव्या येतात, एकाच कंपनीच्या येतात, आणि म्हातारी गाडी कशी कण्हते ते ऐकायला मिळत नाही. लहान गॅरेजमध्ये तेच ऐकायला मिळतं. तिथे पुस्तकाबाहेरच्या गोष्टी येतात: आधीच्या तिघांनी आपापल्या परीने जोडलेल्या वायरी, गंजलेला बोल्ट तापवून सोडवणं, न मिळणाऱ्या पार्टशिवाय गाडी चालती करणं. यातलं काही शहाणपण असतं, काही निव्वळ जुगाड असतं, आणि कुठलं कुठलं हे सांगणारा माणूस शेजारी नसेल तर पोरगं दोन्ही एकाच पिशवीत भरून घेतं.

फक्त टायर आणि तेलाची झटपट कामं करणाऱ्या जागा आहेत. तिथे वर्षभर ठीक, हात चपळ होतात. फक्त गिअरबॉक्स किंवा फक्त इंजेक्टर करणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवाव्यात.

एका जागेकडे मात्र नवी मुलं बघतच नाहीत: ज्यांच्या स्वतःच्या पन्नास-साठ गाड्या आहेत अशांचं वर्कशॉप. बस, ट्रक, डिलिव्हरीच्या गाड्या. मी मध्ये दोन वर्षं तिथे काढली. तिथे गाडी जातच नाही कुठे. तुम्ही बसवलेले ब्रेक पॅड काही महिन्यांनी तुम्हीच काढता आणि बघता की आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दुप्पट झिजलाय, म्हणजे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकपिना तुम्ही नीट साफ करून ग्रीस केल्या नव्हत्या. कुणी ओरडलं नाही तरी पॅड सांगतो. स्वतःचं काम इतक्या नियमाने परत बघायला मिळतं अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

मग स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचा प्रश्न. भाची म्हणाली, मोठ्या ठिकाणी महागडा स्कॅनर आहे. मी म्हटलं, स्कॅनर कुठला आहे त्यापेक्षा कोड निघाल्यावर तिथला माणूस पुढे काय करतो ते बघ. पी०१७१ हा कोड घे. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कितीतरी ठिकाणी हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण खबर त्यानेच दिलेली असते. खबर देणाऱ्यालाच काढून टाकण्यासारखं आहे हे. जाणता माणूस त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरल्यापेक्षा पेट्रोल किती कमी-जास्त दिलं जातंय तो आकडा, उघडतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, इंजिन २० टक्के जास्त पेट्रोल मागतंय, आणि रेस मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरली की मागणी जवळजवळ सामान्य होतेय, तर बहुधा कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, चिरलेली व्हॅक्यूमची नळी असेल किंवा इनटेकचं गॅस्केट. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात ही चोरीची हवा मोठी ठरते. रेस वाढली की तेवढीच चोरी किरकोळ होते. उलट रेसबरोबर मागणी वाढत गेली तर पेट्रोलचा पंप, फिल्टर इकडे बघायचं. कोड तक्रारीचं नाव सांगतो, पार्टचं सांगत नाही. हा फरक माहीत असलेली माणसं जिथे आहेत तिथे साधा स्कॅनरही पुरतो.

जिवाच्या गोष्टी मी तिला जरा रागानेच सांगितल्या, कारण माझ्या पिढीने या बाबतीत फार सोसलं आणि त्यालाच मर्दुमकी म्हटलं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता कुणी शिरत असेल तर तिथून त्याच पावली परत ये. बंद जागेत इंजिन चालू असताना धूर बाहेर नेणारी नळी सायलेन्सरला लावलेली आहे का बघ, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. ब्रेकचा ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या नळीने उडवत असतील तर ती छातीत जाते, आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं करून पुसायची असते ती. आणि हातमोजे. आम्ही आयुष्यभर वापरलेल्या काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घातले, ते तेल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे कुणी सांगितलं नाही. तिच्या मापाचे मोजे त्यांच्याकडे असतील का, कपडे बदलायला जागा असेल का, हे मात्र मला सुचलं नव्हतं. ते तिनेच काढलं, आणि मला वाईट वाटलं की मामा असून मला ते विचारावंसं वाटलं नाही.

शेवटी मी तिला उत्तर दिलंच नाही. म्हटलं, दोन्हीकडे जा आणि अर्धा दिवस नुसतं उभं राहू द्या म्हणून सांग. गर्दीच्या वेळी जा. निवांत वेळी सगळेच गोड बोलतात. तुझ्याआधी जे नवे आले ते आता काय काम करतात ते विचार; दोन वर्षांनीही झाडू आणि तेलच करत असतील तर समज. पाने स्वतःचे लागतात की मिळतात ते विचार, एकदम कर्ज काढून ट्रॉलीभर हत्यारं घेऊ नकोस. आणि जमलं तर परत आलेली गाडी बघ.

आठवड्याने तिचा फोन आला. परत आलेली गाडी तिला मोठ्या ठिकाणी दिसली नाही, म्हणजे त्या दिवशी आली नसेल, तिने त्यांच्यावर उगाच आळ घेतला नाही. लहान ठिकाणी आली होती. चाक बदलून दिलेलं आणि चालवताना थरथर. तिथल्या बाईंनी, त्याच फोरमन आहेत, चाक काढून हबवरचा गंजाचा पापुद्रा दाखवला. चाक त्यावर टेकल्याने सपाट बसलंच नव्हतं. ज्याने बसवलं होतं त्यालाच त्यांनी तारेचा ब्रश दिला आणि तो घासत असताना भाचीला म्हणाल्या, "तूही बोट फिरवून बघ, लागतं का काही."

"आणि मामा," ती म्हणाली, "दोन्हीकडे टॉर्क रेंच होता, नट मोजून आवळायचा पाना. एकीकडे डब्यात, डब्यावर धूळ. इथे मूठ झिजलेली होती. नट आवळून झाल्यावर त्यांनी स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणला, मग ठेवला."

स्प्रिंगवर ताण राहिला तर तिचा आकडा हळूहळू खोटा होतो, म्हणून असं करायचं असतं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिने बघितलं.

सोमवारपासून ती जाणार आहे. मोठे पाने तिथे आहेत, छोटे स्वतःचे न्यायचेत. माझा बारा-तेराचा रिंग पाना मी काढून, पुसून ठेवलाय. त्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पण कुठलं टोक बाराचं आणि कुठलं तेराचं हे हाताला कळतं.